कानाचं मशीन आणि ‘इंटरस्टेलर’

ऐकू कमी येणाऱ्या माणसाला घेऊन आयमॅक्सला, म्हणजे त्या भल्या मोठ्या पडद्याच्या थिएटरात, सिनेमाला जायचं तर आधी काय काय बघून ठेवावं, हे मी २०२५ च्या जानेवारीत शोधत होते. इंग्रजीत थोडंफार मिळालं, पण ते सगळं तिकडच्या थिएटरांचं. तिथे म्हणे मागितलं की कॅप्शन दिसणारं यंत्र हातात देतात. आपल्याकडचं, त्यातून मराठीत, काहीच हाती लागलं नाही. आता सगळं पार पडलंय आणि डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते. कुणाच्या तरी आईवडिलांसाठी उपयोगी पडेल. (सिनेमाची गोष्ट यात येणार आहे. पाहायचा राहिला असेल तर आधी पाहा.)

बाबा ७२ वर्षांचे. आई-बाबा नाशिकला असतात, मी डोंबिवलीला. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला काढली. दिवसभर पत्र्यावर पडणारा तो ठोका. कानात बोळे घालून काम करणाऱ्याची तेव्हा चेष्टा व्हायची, असं तेच सांगतात. निवृत्तीनंतर ऐकणं कमी होत गेलं आणि आता दोन्ही कानांना मशीन आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझी सगळी तयारी तिच्यावर बेतलेली होती. ऐकू कमी येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक होणं नव्हे, की कान पिळला आणि वाढवला. आतल्या कानातल्या नाजूक पेशी गेल्या की हळू आवाज येतच नाहीत, पण मोठे आवाज मात्र तुमच्या-माझ्याइतकेच लागतात, कधी जास्तच. मधली जागा आक्रसलेली असते. त्यात बारीक, टोकदार आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ वगैरे. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. बाबांचं ठरलेलं वाक्य आहे: ‘ओरडू नकोस, नीट बोल.’ लोक ओरडतात आणि मग बाबा दचकल्यावर म्हणतात, येतंय की ऐकू!

अशा माणसाने थिएटर सोडून दिलं यात नवल नाही. संवाद कळत नाहीत आणि दणदणाट सोसत नाही. मशीन लागायच्या आधीच त्यांनी जाणं बंद केलं होतं. घरीही सिनेमा लागला की पाच-दहा मिनिटं बघून गॅलरीत जाऊन बसायचे. आईला वाटायचं त्यांना आवडच उरली नाही.

आवड होती, हे मला पक्कं माहीत होतं. १९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत येऊन नाशिकला लागला तेव्हा बाबांनी पाळी बदलून घेतली होती. मी आठ वर्षांची. खिडकीवर रांग होती, ती हलली की मागचे लोक ढकलायचे. माणसं हिंदीत बोलत होती, डायनासोर मात्र मूळ भाषेत ओरडत होते, यावर बाबा घरी येईपर्यंत हसत होते. त्या सिनेमाबरोबर डीटीएस नावाची नवी ध्वनिपद्धत थिएटरांत आली, आवाज फिल्मवर नसून वेगळ्या डिस्कवर असायचा, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. आमच्या थिएटरात तसलं काही असण्याचा संभव नव्हता. तरी पेल्यातलं पाणी थरथरलं तेव्हा सगळा बाल्कनीचा भाग गप्प झाला होता.

‘इंटरस्टेलर’ हा अवकाशप्रवासावरचा इंग्रजी सिनेमा मी २०१४ साली, नोव्हेंबरात लागला तेव्हाच पाहिला होता, साध्या पडद्यावर. रात्री बाबांना फोनवर गोष्ट सांगितली. तेव्हा त्यांना फोनवरचं बऱ्यापैकी कळायचं. त्यातलं एक त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं: एका ग्रहावर एक तास काढला की इकडे पृथ्वीवर सात वर्षं जातात. पुढे कधी कुणाला उशीर झाला, आईला बाजारातून यायला वेळ लागला, की ते म्हणायचे, ‘त्या ग्रहावर गेली असेल.’ सिनेमा मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

दहा वर्षं झाली म्हणून तो पुन्हा आयमॅक्सला लागणार हे कळलं आणि मी ठरवलं. अमेरिकेत तो ६ डिसेंबर २०२४ ला लागला. आपल्याकडे ५ डिसेंबरला ‘पुष्पा २’ आला होता आणि आयमॅक्सचे पडदे तिकडे गेले होते. समाजमाध्यमांवर लोकांनी केवढा त्रागा केला. मीही केला. पण खरं सांगायचं तर तो वेळ आम्हाला लागलाच. जानेवारीत बातमी आली, भारतात ७ फेब्रुवारी. म्हणजे हातात जेमतेम महिना.

बाबा आधी नाहीच म्हणाले. ‘मला काही कळणार नाही आणि तुझे पैसे जातील.’ आई म्हणाली, मला तो अंधार आणि दणका नको, तुम्ही दोघं जा. मी वाद घातला नाही. त्यांच्या कानाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे मशीन बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन फक्त विचारून या, एवढंच म्हटलं. हे सगळ्यात आधी करा. तिकीट नंतर.

त्या बाईंनी बरंच समजावलं, आणि बाबांनी ते वहीत लिहून आणलं म्हणून मला इथे सांगता येतंय. डिजिटल मशीनला एका ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ नये अशी मर्यादा घालून दिलेली असते, ती तपासून घ्यावी. त्याशिवाय मशीनमध्ये एकाहून जास्त सेटिंग ठेवता येतात आणि बटणाने बदलता येतात. त्यांनी बाबांना दुसरं सेटिंग करून दिलं, आवाज एकूण कमी आणि कर्कश भाग दाबलेला. थिएटरात ते लावायचं. फारच झालं तर मशीन बंद करायचं पण कानातून काढायचं नाही, कारण बंद मशीनचा साचा कानात असला की तो थोडाफार बोळ्याचं काम करतो. नव्या बॅटऱ्या त्याच सकाळी घालायच्या, एक जोड खिशात ठेवायची. तपासणी आणि सेटिंगचे ५०० रुपये झाले. बॅटऱ्यांचं सहाचं पाकीट २५० ला. हे दुसरं सेटिंग घरी टीव्ही मोठा करून दोन-चार दिवस वापरून बघा असंही त्या म्हणाल्या. बाबांनी ते केलं. आईने त्या दिवसांत मला रोज फोन केला.

आता सबटायटल्स. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांना थिएटरात सिनेमा कसा उपलब्ध करून द्यायचा याबद्दल. कॅप्शन, दृश्याचं वर्णन करणारा आवाज, सांकेतिक भाषा, असं त्यात आहे. मी ते वाचलं आणि हुरूप येऊन थिएटरला मेल केली: तुमच्याकडे या चित्रपटाला पडद्यावर सबटायटल्स असतील का, नसल्यास काय सोय आहे? लगेच उत्तर आलं, तुमची विनंती नोंदवली आहे, क्रमांक अमुक. पुढे शांतता. फोन केला तर नंबर दाबत दाबत मी खाण्याच्या ऑफर्सपाशी पोचले.

माझं ऑफिस लोअर परळला आहे, आयमॅक्स तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. शेवटी एका संध्याकाळी जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या मुलाला तत्त्वं वगैरे माहीत नव्हती, पण त्याने ड्यूटी मॅनेजरला बोलावलं. तो मनुष्य चांगला निघाला. त्याने सांगितलं, शुक्रवारी पहिला शो होऊन जाऊ द्या, मग कुणालाही विचारा, प्रिंटवर सबटायटल्स आहेत की नाहीत ते तेव्हाच खात्रीने कळेल. एवढं साधं उत्तर कुठल्याही मेलमध्ये आलं नसतं. त्याच्याकडून आणखीही माहिती काढली: हॉलमध्ये दरवाजा कुठल्या रांगेपाशी उघडतो, तिथून किती पायऱ्या, स्वच्छतागृह किती लांब, लिफ्ट थेट त्या मजल्यावर येते का. आयमॅक्सच्या पायऱ्या उंच आणि खड्या असतात. गुडघे दुखणाऱ्याला अंधारात त्या उतरणं म्हणजे संकट. जमलं तर आधी एकदा जाऊन हे बघाच.

पण थांबायचं म्हणजे तिकिटं हातची जाणार, हा पेच होताच. पहिल्या शनिवार-रविवारचं बुकिंग उघडल्याचं मला कळलं तोवर पडद्याजवळच्या दोन रांगा सोडून सगळं भरलं होतं. पहाटेचे शोसुद्धा. पहाटे उठून कृष्णविवर बघायला जाणारी एवढी माणसं आपल्यात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आणि १४ फेब्रुवारीला ‘छावा’ आणि आणखी एक हॉलीवूडचा मोठा सिनेमा येणार होता, म्हणजे आयमॅक्सला आमच्या हाती एक आठवडा. मधल्या वाराचं बुकिंग उशिरा उघडलं, ते एका अर्थी बरंच झालं. शुक्रवारी रात्री ऑफिसातला एक जण बघून आला, सबटायटल्स आहेत म्हणाला, आणि मी तिथेच उभ्या उभ्या बुधवार, १२ फेब्रुवारीची दुपारची दोन तिकिटं काढली.

सीट निवडताना मी गर्दीच्या उलट विचार केला. सगळे मधोमध बसायला बघतात. मला हवी होती रांगेच्या टोकाची, दरवाजाच्या पातळीपासून कमीत कमी पायऱ्यांची, आणि पडद्यापासून मागे. मागे का, तर आयमॅक्सचा पडदा एवढा मोठा असतो की पुढे बसलं तर खालची अक्षरं वाचायला मान खाली आणि चित्र बघायला मान वर अशी कसरत होते. मागून दोन्ही एका नजरेत येतं. तिकिटं, त्यावरचा जीएसटी (१०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के), ऑनलाइनची फी आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी धरून दोघांचे १,६०० च्या आसपास गेले. हा आकडा मी बाबांना सांगितला नाही. त्यांनी तिकिटावर वाचला.

ते सोमवारी पंचवटीने आले. सेकंड सिटिंगचं रिझर्वेशन, शंभराच्या आसपास. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून बंदच आहे, हे बाबा दर प्रवासाला एकदा म्हणतात, तेव्हाही म्हणाले. मी कल्याणला उतरवून घ्यायला गेले होते. पिशवीत आईने दिलेला चिवडा आणि ती वही.

मंगळवारची संध्याकाळ मी गोष्ट सांगण्यासाठी राखून ठेवली होती. माझं मत सांगते, कुणाला पटणार नाही: अशा वेळी गोष्ट पूर्ण सांगून टाकावी, शेवटासकट. उत्सुकता ही चांगलं ऐकू येणाऱ्यांची चैन आहे. ज्याला संवादांचा आधार अर्धाच आहे त्याला आधी जमीन पायाखाली लागते. बाबांचं इंग्रजी कारखान्याच्या ड्रॉइंगवरचं. वाचता येतं, पण सावकाश. मी लॅपटॉपवर ट्रेलर सबटायटल्ससकट लावून बघितला. दोन ओळींतली एक त्यांची वाचून व्हायची तोवर ती जायची. म्हणून ठरलं की सगळं वाचायचं नाही. चित्र बघायचं, आणि माणसं बसून बोलायला लागली की मगच खाली बघायचं.

वहीच्या एका पानावर पात्रं लिहिली. कूपर, शेतकरी झालेला वैमानिक. मर्फ, त्याची मुलगी. प्रोफेसर ब्रँड आणि त्यांची मुलगी, दोघांचं आडनाव एकच म्हणून घोटाळा नको, तिला ‘लेक’ लिहिलं. टार्स हा यंत्रमानव, दिसायला लोखंडी कपाटासारखा. गार्गँचुआ हे कृष्णविवर. तासाला सात वर्षं का, हेही त्यांनी मला पुन्हा विचारलं. जिथे गुरुत्वाकर्षण प्रचंड तिथे काळ सावकाश चालतो, एवढंच मला सांगता आलं. ‘म्हणजे घड्याळ बंद पडतं?’ नाही, तिथल्या माणसाला काहीच फरक जाणवत नाही, घड्याळ नेहमीसारखंच चाललेलं असतं, परत आल्यावर कळतं. बाबांनी लिहून घेतलं: परत आल्यावर कळतं.

किप थॉर्न यांचं नाव आलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. हे भौतिकशास्त्रज्ञ सिनेमाचे सल्लागार होते. कृष्णविवर कसं दिसेल याची समीकरणं त्यांनी दिली आणि त्यावरून संगणकाने चित्र काढलं. सिनेमानंतर तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी त्यांना नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. त्या लहरी पकडणाऱ्या लायगोची एक वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. ‘औंढ्याला आम्ही जाऊन आलोय की!’ बाबा म्हणाले. आईला फोन लावून तिलाही सांगितलं. तिने विचारलं, देवळाच्या कुठल्या बाजूला?

बुधवारी गर्दी ओसरल्यावर, पावणेअकराला निघालो. स्लो लोकल, थेट करी रोड. डब्यात ज्येष्ठांच्या राखीव जागेवर बसलेल्या मुलाला उठवावं लागलं, तो उठला. मॉलच्या दारात पिशवी तपासताना चिवडा अडला. बाहेरचे पदार्थ न आणू देण्याचा अधिकार थिएटरांना आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं म्हटलंय. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं असंही आहे, तेव्हा बाटली विकत घेण्याआधी पाण्याचा फिल्टर कुठे आहे ते विचारा. असतो, कोपऱ्यात असतो. बाबांना साखरेचा त्रास आहे, गोळीबरोबर काहीतरी खावं लागतं, हे सांगितल्यावर बिस्किटांचा पुडा आणि गोळ्या नेऊ दिल्या. डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्ये होती, ती कामी आली. चिवडा क्लोकरूममध्ये राहिला.

आत एसी इतका की स्वेटर घालावा लागला. आणि सगळ्या दुपारभरात कानाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर जाहिरातींचा. सिनेमाचा नाही. सिनेमात आवाज चढतो, उतरतो. जाहिराती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत किंचाळतात. बाबांनी मशीन बंदच केलं. तुम्ही कुणाला घेऊन गेलात तर जाहिराती बाहेर सोफ्यावर बसून काढा, आणि डोअरकीपरला सांगून ठेवा. फक्त दिवे असताना आत जायला मिळेल असं बघा. राष्ट्रगीताला बाबा खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले. मग सेटिंग दोन.

सुरुवातीलाच मका आला. पडदाभर मका. बाबांचं गाव सिन्नर तालुक्यातलं, मक्याचं. मी कानाशी जाऊन सांगितलं, हे संगणकाचं नाही, कॅनडात जवळपास ५०० एकर खरंच पेरला होता. शूटिंग झाल्यावर विकला. त्यांनी मान वळवून विचारलं, ‘भाव मिळाला?’ मोठ्याने विचारलं. ऐकू कमी येणाऱ्यांना आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. पुढच्या रांगेतली दोघं हसली.

यानांची दृश्यं सुरू झाली की पडद्याच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या जातात आणि चित्र पूर्ण उंचीचं होतं. आयमॅक्सच्या कॅमेऱ्याने टिपलेले भाग तेवढेच मोठे दिसतात. २०१४ ला साध्या पडद्यावर हे मला ठाऊकच नव्हतं. उड्डाणाच्या वेळी आवाजाने खुर्ची हादरली. मी बाबांच्या हातावर हात ठेवला, त्यांनी मान डोलावली, ठीक आहे. त्या सिनेमाचं संगीत हान्स झिमर यांचं, आणि त्यात लंडनच्या टेंपल चर्चमधला भला मोठा ऑर्गन वाजवलाय. त्याचे खालचे सूर कानाने ऐकावे लागतच नाहीत. ते छातीत, पाठीत, दांड्यावर ठेवलेल्या हातात येतात. बाबांनी थोड्या वेळाने चपला काढून पाय जमिनीवर टेकवले. मला वाटलं पाय दुखत असतील. मध्यंतरात म्हणाले, खालून छान येतंय.

लाटांच्या ग्रहावरून ती माणसं यानात परततात आणि कळतं की तेवीस वर्षं निघून गेली. कूपर मुलांचे साठलेले व्हिडिओ बघतो. शेवटी मर्फ येते, मोठी झालेली. त्या दृश्यानंतर लगेच आमच्याकडे दिवे लागले. मूळ सिनेमाला मध्यंतर नाही, ते इकडे कापून घालतात, आणि एरवी मला त्याची चीड येते. पण ७२ वर्षांच्या माणसाला १६९ मिनिटांचा सिनेमा दाखवायचा तर ते हवंच. मी आधी ठरवलं होतं की रांग टाळायला मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठायचं. पण त्या क्षणी कोण उठणार. बाबा रांगेतच उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, ‘बाप गेला तेव्हा त्याचं जे वय होतं ते आज पोरीचं झालं, असं म्हणाली ना ती?’ हे मी आदल्या दिवशी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी खालचं वाचलं होतं.

मागे कॉलेजची मुलं बसली होती. प्रोफेसर ब्रँड मरताना पुटपुटत कबुली देतात, त्या दृश्यात मागून आलं, ‘क्या बोला? क्या बोला?’ त्या कुजबुजीवर गोष्टीचं सगळं वळण अवलंबून आहे. मलाही २०१४ ला ते धड कळलं नव्हतं. आणि माझी नि त्या मुलांचीच ती गत नव्हती. संगीताखाली संवाद बुडतात अशी ओरड तेव्हा जगभर झाली होती आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी ते मुद्दाम तसंच ठेवलंय असं सांगितलं होतं. म्हणजे धडधाकट कानांचे लोक संवाद ऐकायला धडपडत होते, आणि बाबा शांतपणे खाली वाचत होते. त्या मुलांना वाचायची सवय नसावी. किंवा पॉपकॉर्न आडवा येत असेल.

मग ते दृश्य आलं. डॉक्टर मान नावाचा अंतराळवीर यान जोडण्याचा आततायी प्रयत्न करतो, बोलता बोलता स्फोट होतो, आणि कॅमेरा बाहेर जातो. अवकाशात हवा नाही म्हणून आवाज नाही. एवढा मोठा स्फोट, तुकडे उडतायत, आणि थिएटरात काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बाबांचा हात कानामागे गेला. त्यांनी मशीनवर टिचकी मारली, मग दुसऱ्या कानाच्या. खिशातली बॅटरीची डबी काढली आणि माझ्याकडे बघितलं, अंधारात ही बदलायची कशी, असं. मी मान हलवली. बोटाने सगळ्या हॉलकडे गोल दाखवलं: कुणालाच येत नाहीये. त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि ते हसायला लागले. अशा ठिकाणी हसणारे सगळ्या हॉलमध्ये तेच एक असतील. डबी हातातच राहिली. त्यानंतर गरगरणाऱ्या यानाला यान जोडण्याचा तो प्रसंग सुरू झाला, ऑर्गन चढत गेला, आणि बाबा दोन्ही तळपाय घट्ट टेकवून बसले.

कृष्णविवराच्या आतलं, पुस्तकांच्या कपाटामागचं, त्यांना पटलं नाही. मला अजूनही फारसं पटत नाही. पण बाहेरून दिसणारं ते काळं वर्तुळ आणि त्याच्या वरून-खालून वळलेली प्रकाशाची कडी, ते बघताना त्यांनी वाचणं सोडून दिलं होतं.

साडेचारच्या पुढे बाहेर पडलो. दिवे पूर्ण लागून गर्दी जाईपर्यंत जागेवरून उठलो नाही. करी रोडहून डोंबिवलीची गाडी त्या वेळी पकडणं अशक्य, म्हणून उलट सीएसएमटीला गेलो आणि तिथून बसून आलो. वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागली, पण जागा मिळाली. दादरच्या आत बाबांनी दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली आणि झोपले. याचा अंदाज ठेवा. ज्याला ऐकायला जोर लावावा लागतो तो तीन तासांत फार थकतो. त्या दिवशी नंतर कुणाकडे जेवायला वगैरे ठरवू नका. रात्री कानात थोडं कुईं वाजतंय म्हणाले, सकाळपर्यंत थांबलं. थांबलं नसतं तर लगेच ऑडिओलॉजिस्टना दाखवायचं, असं आधीच ठरलं होतं.

शुक्रवारच्या पंचवटीने ते नाशिकला गेले. सिनेमा १४ मार्च २०२५ ला पुन्हा लागणार हे कळल्यावर त्यांनी कट्ट्यावरच्या मंडळींना इतकं काही सांगितलं की तिघे जण यायचं म्हणाले, त्यातल्या दोघांना मशीन आहे. वहीतलं पात्रांचं पान त्यांनी झेरॉक्स करून वाटलं. मी सांगितलं, आधी सगळ्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून दुसरं सेटिंग करून घ्या, मग तिकिटाचं बघते.

आणि थिएटरचं उत्तर आलं. फेब्रुवारी संपता संपता. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तक्रार बंद करण्यात येत आहे, कृपया सेवेला पाचपैकी तारे द्यावेत. मी तक्रार केलीच नव्हती. बाबांना फोनवर विचारलं, किती देऊ? म्हणजे व्हॉट्सॲपवर, फोनवर आता त्यांना कळत नाही. उत्तर आलं: चार. जाहिरातींचा एक काप.